पमी घाडीचं गाऱ्हाणं

पमी घाडी कोणालाही पहिल्यांदा भेटली की नाव-गाव विचारायच्या आधी विचारायची, "तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?"

मला तिने हे कॉलेजच्या पहिल्याच दिवशी विचारलं. मुलुंडचं कॉलेज, एफ.वाय.चा वर्ग, मी नवाकोरा पंजाबी ड्रेस घालून, कोणीतरी आपल्याशी काहीतरी झकास बोलेल या आशेने बसलेली. आणि ही काळीसावळी, दोन घट्ट वेण्यांची मुलगी शेजारी येऊन बसते, छत्री बाकाखाली सारते आणि पाण्याची वेळ विचारते! मी म्हटलं, "नळ सोडला की येतं."

"म्हणजे मुलुंड ईस्ट," ती म्हणाली. "मजा आहे बाई तुमची. आमच्याकडे भांडुपला पहाटे येतं, तेही टेकडीच्या खाली. वर चढवायचं आपलं आपण."

तिचं पूर्ण नाव प्रमिला. भांडुपला डोंगराच्या चढावर त्यांची चाळ होती. वडील गिरणीत, आई घरी खानावळीचे डबे करायची, पाठीवर दोन भाऊ. आम्ही कॉलेजात असतानाच गिरण्यांचा संप झाला, तो लांबत गेला, आणि पमीचे वडील, आबा, गिरणीतून कायमचे घरी आले. मग ते मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले. तेव्हापासून त्या घरात सगळ्यांचं एका गोष्टीकडे लक्ष लागलं होतं, की पमी कधी बी.ए. होते आणि कधी कुठेतरी चिकटते. पमीचं लक्ष भलतीकडेच होतं. तिला लोकांची कामं करायची होती. साधीसुधी नाही, अधिकाराने करायची होती.

हे तिने लपवलं नाही कधी. देवधर सर आम्हाला राज्यशास्त्र शिकवायचे. पहिल्या तासाला त्यांनी एकेकाला उभं करून विचारलं, हा विषय का घेतलात? कोणी म्हणालं मार्क कमी पडले, कोणी म्हणालं इकॉनॉमिक्सची धास्ती वाटते. मी म्हटलं, "सर, मैत्रिणीने घेतला म्हणून." पमी उठली आणि म्हणाली, "मला नगरसेविका व्हायचंय." वर्ग खो खो हसला. तीही हसली, आणि हसणं थांबल्यावर वर्गाकडे वळून म्हणाली, "बरं, मत कोण कोण देणार? हात वर करा." सरांनी आपलाच हात वर केला.

सरांना पुढे तीन वर्षं त्याची फळं भोगावी लागली. सर सार्वभौमत्व शिकवायला लागले की पमीचा हात वर. "सर, सार्वभौमत्व कळलं. पण आमच्या भांडुपच्या नळाचं कोणाच्या हातात आहे?" हा तिचा पेटंट प्रश्न होता. बस आली नाही, की हे कोणाच्या हातात आहे? कँटीनमधला समोसा गार, की हे कोणाच्या हातात आहे? आणि नुसतं विचारून थांबेल तर ती पमी कसली. ती कँटीनवाल्या अण्णाकडे जायची, अण्णा सांगायचा स्टोव्ह एकच आहे, मग ती स्टोव्ह कोण देतो ते शोधायला जायची. तोवर आमचा समोसा आणखी गार.

एकदा आमच्या वर्गाची पिकनिक आरे कॉलनीत गेली. झाडाखाली चादरी अंथरल्या, गाण्याच्या भेंड्या सुरू झाल्या, आणि बघतो तर पमी गायब. संध्याकाळ व्हायला आली, बसवाला हॉर्न वाजवून वैतागला. शेवटी ती आतल्या एका पाड्यावरून पाच-सहा बायकांच्या घोळक्यात बोलत बोलत येताना दिसली. हातात कोणीतरी दिलेल्या काकड्या. मी भडकले. "अगं ए, पिकनिकला आलीयेस की मतदारसंघात?"

"जयू, ह्यांच्याकडे शाळेची बस मोठ्या रस्त्यापर्यंतच येते गं," ती म्हणाली. "पुढे पोरं जंगलातून चालत येतात. हे कोणाच्या हातात असेल?"

"माझ्या नाही ना? मग बस आता!" मी म्हटलं. ती बसली, आणि घरी पोचेपर्यंत आम्हाला सगळ्यांना काकड्या चारल्या तिने. कोवळ्या होत्या, ते कबूल करायला हवं.

टी.वाय.ला ती जी.एस.च्या, म्हणजे विद्यार्थी प्रतिनिधीच्या, निवडणुकीला उभी राहिली. घरी आई म्हणाली, "आधी पगार घेवन ये, मगे राज्य चालव." पण पमी ऐकते कसली. तिच्यासमोर होता संजय प्रधान. संजय दिसायला छान, बोलायला त्याहून छान, आणि त्याच्या भाषणात तिसऱ्या जगापासून अणुयुद्धापर्यंत सगळं असायचं. पमीच्या भाषणात एकच मुद्दा होता. मुलींच्या संडासाच्या दाराला कडी नव्हती.

हसू नका. तीन वर्षं आम्ही मुली जोडीने जात होतो. एक आत, एक बाहेर दार ओढून धरून उभी. "जरा दारावर येतेस का?" असं जिला हक्काने म्हणता येईल ती खरी मैत्रीण. जिची मैत्रीण त्या दिवशी आली नसेल तिची वाट लागली. आणि ही गोष्ट एकाही निवडणुकीत कोणी उच्चारली नव्हती, कारण लाज वाटायची. पमीला नाही वाटली.

प्रचाराची शेवटची सभा कॉलेजच्या पटांगणात होती. संजयने झकास भाषण ठोकलं, टाळ्या पडल्या. पमी उभी राहिली आणि नेमके लाइट गेले. माइक बंद. पोरं आरडाओरडा करायला लागली. पमीने भाषण शुद्ध मराठीत घोटून पाठ केलं होतं, माझ्यासमोर चार वेळा म्हणून दाखवलं होतं, त्यातला एक शब्द तिला आठवेना. ती नुसती उभी.

इथे एक सांगायला हवं. घाडी म्हणजे कोकणात देवळात गाऱ्हाणं घालणाऱ्यांचं घराणं. गावात काहीही करायचं असलं की आधी सगळ्यांच्या वतीने देवाला हाक मारायची आणि जमलेल्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. पमीचे आबा चाळीच्या गणपतीत हे काम करायचे आणि लहानपणापासून पमी त्यांच्या बाजूला उभी असायची. त्या दिवशी पटांगणात तिने हात जोडले, छाती भरून श्वास घेतला, आणि तिच्या तोंडून हुबेहूब आबांचा आवाज निघाला.

"बा देवा म्हाराजा!"

मागच्या कोपऱ्यात भांडुप-घाटकोपरची कोकणातली पोरं बसली होती. त्यांच्या तोंडून आपोआप गेलं, "व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरां शिकाक म्हणान हयसर इली हत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता अर्धं पटांगण.

"पण ह्या कॉलेजात पोरींच्या दाराक कडी नाय हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मुली सगळ्यात मोठ्याने ओरडल्या.

"ती कडी ह्याच वर्षात माझ्या हातसून लावून घे रे म्हाराजा! जो कोण आडवो येत, तेका चांगली बुद्धी दी रे म्हाराजा! आणि ह्या संजय प्रधानाचा पण सगळ्या बरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात खुद्द संजयही होता.

बोंबला! गाऱ्हाण्यात सगळ्यांचं भलं मागायचं असतं, म्हणून तिने प्रतिस्पर्ध्याचंही मागितलं, आणि देवाने पहिलं तेच ऐकलं. संजय थोडक्या मतांनी निवडून आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिला धीर द्यायला भांडुपला गेले. ती पोळ्या लाटत होती. आबा ड्युटीवर जायच्या आधी चहा पीत होते. त्यांनी सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाले, "काय काय सांगलंस देवाक? परत म्हण बघू."

पमीने शब्द न शब्द म्हणून दाखवला. आबांनी कप खाली ठेवला.

"निवडान इलंय तर लावतलंय, असा म्हटलंस काय?"

पमीचं लाटणं थांबलं. "नाय."

"मगे?"

"मगे काय, आबा?"

"मगे कडी लाव."

मी मध्ये पडले. "अहो काका, पण ती हरली ना! आता ते काम संजयचं."

"तां मतांचा झाला गो," आबा म्हणाले. "ह्यां देवाचा. अट घालूक व्हयी होती आधी. घाड्याचा चेडू आसान इसारला, तेका मी काय करू?" चेडू म्हणजे मुलगी.

पमीची आई तव्यावरची पोळी उलथताना म्हणाली, "परीक्षा देतली की कड्या लावतली ही? बँकेची परीक्षा कोण देतलो, मी?" तिचंही चुकीचं नव्हतं. शेवटचं वर्ष, बी.ए.चा अभ्यास, त्यात बँकेच्या भरतीची तयारी, आणि वर ही कडी. पण पमीने मान हलवली. बोलून बसले ना, मग करायला हवं, एवढंच म्हणाली.

मला वाटलं, यात काय मोठंसं? स्टेशनजवळच्या दुकानातून कडी आणायची, चार स्क्रू मारायचे, देवही खूश आणि आम्हीही. तसं मी सुचवलंही. पमी माझ्यावर उखडली. "मी लावली तर ती माझी मेहेरबानी झाली, जयू. तुटली की परत कोण लावणार? कॉलेजने लावली पाहिजे. मग ती तुटली तरी मागता येते." देवधर सरांनी तीन वर्षं शिकवलेलं एवढंच एक वाक्य मला आज आठवतं, आणि ते सरांचं नाही, पमीचं आहे.

प्रिन्सिपॉल म्हणाले, पुढच्या वर्षीच्या बजेटात बघू. पमी म्हणाली, बरं सर. आणि दुसऱ्या दिवसापासून मोकळा तास मिळाला की ती त्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर पुस्तक घेऊन अभ्यासाला बसायला लागली. सर बाहेर आले की उठून उभी राहायची, नमस्कार करायची आणि म्हणायची, "सर, कडी." बाकी एक शब्द नाही. भांडण नाही, घोषणा नाही. सर बिचारे मागच्या जिन्याने जायला लागले. मग संजय प्रधान मागच्या जिन्यात उभा राहायला लागला. "काय करू यार," तो मला म्हणाला, "निवडून आलो मी आणि पोरं काम सांगतात तिला. माझी पार इज्जत गेली." दोघांची गट्टी तिथपासून जमली.

तरी कडी काही लागेना. ॲन्युअल डे आला. प्रमुख पाहुण्या म्हणून एक उपजिल्हाधिकारी बाई येणार होत्या. बाई आल्या, नारायणपेठी नेसलेल्या, चष्मा, आवाजात जरब. संजय जी.एस.चा ब्लेझर घालून त्यांना घेऊन फिरत होता. कार्यक्रम सुरू व्हायच्या थोडं आधी तो धावत आमच्याकडे आला, कानापर्यंत लाल. "पमे, वाट लागली. मॅडमना जायचंय."

"कुठे?"

"अगं, जायचंय गं!"

पमी उठली. मी पण मागोमाग गेले, कारण असली मजा कोण सोडेल? बाई आत गेल्या, दार लावायला गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, याला कडी नाही." पमी म्हणाली, "मॅडम, तुम्ही निवांत बसा. मी धरते दार." आणि ती दोन्ही हातांनी दार ओढून उभी राहिली.

आतून आवाज आला, "आहेस ना गं बाहेर?"

"आहे मॅडम. जात नाही."

"नाव काय तुझं?"

"प्रमिला घाडी. टी.वाय., राज्यशास्त्र."

"अरे वा. पुढे काय करणार?"

"नगरसेविका व्हायचं होतं मॅडम, पण कॉलेजातच पडले."

आत हसण्याचा आवाज. मी तोंडात ओढणीचा बोळा कोंबून भिंतीला टेकलेली. पमी मात्र अगदी गंभीर.

"मॅडम, एक विचारू का? तुमच्या हातात नेमकं काय असतं?"

मग पाण्याचा आवाज, आणि मग बाई म्हणाल्या, "सही असते. फार काही नसतं गं. पण आलेलं काम त्याच दिवशी हातावेगळं केलं तर पुष्कळ होतं."

"त्याला निवडून यावं लागत नाही ना?"

"नाही. परीक्षा असते. भरपूर अभ्यास कर, दे."

बाई बाहेर आल्या, पमीकडे नीट पाहिलं आणि तिच्या पाठीवर थाप मारून हॉलमध्ये गेल्या. भाषणाला उभ्या राहिल्यावर त्यांनी लिहून आणलेले कागद बाजूला ठेवले. म्हणाल्या, "तुमच्या कॉलेजात मला आज एक मुलगी भेटली. तिने माझ्यासाठी दार धरलं, म्हणून मी निश्चिंत होते. पण प्रिन्सिपॉलसाहेब, ही मुलगी यंदा पास होऊन जाणार. पुढच्या वर्षी दार कोण धरणार?"

मुलींच्या बाजूने जो काही कल्लोळ उठला! मागून पोरं एकसुरात ओरडली, "व्हय म्हाराजा!" प्रिन्सिपॉलसर आधी लाल झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. पुढच्या आठवड्यात कॉलेजचा सुतार आला आणि चांगली दणकट पितळी कडी बसवून गेला. आबांनी नारळ पाठवला होता. तो पमीने पॅसेजमध्ये फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा प्रिन्सिपॉलसरांना नेऊन दिला. सरांनी तो खाल्ला आणि म्हणाले, "घाडी, आता माझ्या बाकावर बसू नकोस हं."

त्या दिवसापासून तिचं नगरसेविका होणं संपलं. आता अधिकारी व्हायचं. पण बी.ए.च्या निकालाआधीच बँकेची भरतीची परीक्षा ती पास झाली आणि घाटकोपरच्या शाखेत क्लार्क म्हणून नेमणूक झाली. चाळभर पेढे वाटले. आई तर दोन दिवस हवेत होती. मी अभिनंदन करायला गेले तर पमीचा चेहरा पडलेला. स्पर्धा परीक्षेची तयारी करायची तर दिवसभर वेळ हवा, आणि घरात आबांच्या तुटपुंज्या पगारावर पाच माणसं. मला तिचं फार वाईट वाटलं. मला वाटलं, झालं, आता ही पण चारचौघींसारखी नऊ ते पाच.

"आईचं खरं आहे," ती म्हणाली. "मी जाणार कामाला. परीक्षा पण देणार."

आणि खरंच तिने दोन्ही केलं. पहाटे पाणी भरायचं, मग अभ्यास, मग बँक, संध्याकाळी मुलुंडच्या वाचनालयात पुन्हा अभ्यास. बँकेत लोक तिच्याच काउंटरवर यायचे, कारण ती पैसे मोजता मोजता त्यांच्या घरची पाण्याची वेळ विचारायची. पहिल्या वेळी ती नापास झाली. आईने स्थळं बघायला सुरुवात केली. त्या वर्षी गणपतीत आबांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली, "माझ्या चेडवाक परीक्षेत पास कर रे म्हाराजा, मगे तेच्या हातसून..." आणि मागून पमी किंचाळली, "आबा, माझ्या नावान काय एक कबूल करू नका! नारळ घाला तुमचे तुम्ही!" सगळी चाळ हसून हसून बेजार, आबा पण.

दुसऱ्या वेळी ती लेखी पास झाली. मुलाखतीत तिला विचारलं, छंद काय? ती म्हणाली, "चौकशी." मग विचारलं, कॉलेजात निवडणूक हरलात, तेव्हा काय वाटलं? म्हणाली, "हरले म्हणून काम करायला वेळ मिळाला, सर." घेतलं तिला. नायब तहसीलदार. आईने स्थळांच्या पत्रिका ट्रंकेत टाकल्या आणि पहिल्या पोस्टिंगला निघताना तिच्याबरोबर एवढी मोठी लोणच्याची बरणी दिली. मी तिला सोडायला गेले होते आणि ढसाढसा रडले. ती म्हणाली, "अगं, तालुक्याला चाललेय, लढाईला नाही."

त्यानंतर माझं लग्न झालं, मी बोरिवलीला गेले, पोर झालं. पमीची पत्रं यायची, मग कमी झाली. एक दिवस पोराला कडेवर घेऊन मी एका दाखल्यासाठी अंधेरीच्या बाजूच्या सरकारी कचेरीत गेले. रांग ही मोठी, उकाडा, पोर किरकिरत होतं. आणि समोर दारावरची पाटी वाचून मी उडालेच. प्र. वि. घाडी! हिची बदली इकडे झालीये आणि मला पत्ता नाही! मी शिपायाकडे निरोप दिला, जयू आलीये म्हणून सांगा. म्हटलं, सुटलो बाबा, आता पाच मिनिटांत काम.

पमी स्वतः बाहेर आली. तशीच, फक्त दोन वेण्यांचा अंबाडा झालेला. मला मिठी मारली, पोराचा गालगुच्चा घेतला, आणि म्हणाली, "रांगेत कुठे होतीस?"

"त्या आजोबांच्या मागे. पण आता..."

"मग जागा कशाला सोडलीस? चल, जाईल."

असा संताप आला मला! पण तिने पोराला माझ्या कडेवरून घेतलं आणि माझ्याबरोबर रांगेत येऊन उभी राहिली. तिची जेवणाची सुट्टी होती. पर्समधून पोळीची गुंडाळी काढली, एक घास पोराला, एक स्वतःला, एक मला. पुढचे आजोबा वळून म्हणाले, "बाई, तुम्ही पण अडकलात का? काय सांगू, इथे सगळा सावळा गोंधळ आहे. अर्ज खाली, शिक्का वरच्या मजल्यावर, परत खाली. माझे गुडघे गेले. तो साहेब आत पंख्याखाली बसतो, त्याला काय कळणार?"

"खरंय आजोबा," पमी म्हणाली. "अजून काय काय होतं?"

आजोबा सुरूच झाले. साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला त्यांनी. मी हसू दाबून मरत होते. खिडकीशी पोचलो तेव्हा आतला क्लार्क एकदम उभा राहिला. "मॅडम, तुम्ही रांगेत? द्या, द्या, ताईंचे कागद द्या इकडे."

पमीने माझा पुढे गेलेला हात मागे सारला. "पाटील, आधी आजोबांचं."

आजोबांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "म्हणजे... साहेब म्हणजे तुम्ही? अरे देवा, मी काय काय बोललो!"

"शिक्क्यापर्यंत आला होतात," पमी म्हणाली. "पुढचं सांगा की. माझी सुट्टी संपायला वेळ आहे अजून."

आजोबांनी चाचरत सुरुवात केली, मग चांगलेच रंगात आले. मागच्या दोघी-तिघी बायका पुढे सरकल्या आणि आपलं आपलं सांगायला लागल्या. माझा दाखला झाला. पोर तिच्या खांद्यावर झोपलं होतं, ते मी हळूच काढून घेतलं, तरी तिचं लक्ष नव्हतं. जिन्याशी वळून पाहिलं तेव्हा ती घोळक्यात उभी राहून ऐकत होती, आणि जिच्यासाठी एवढी रात्रंदिवस मेहनत केली ती खुर्ची आत रिकामी होती. मला तिचा असा काही अभिमान वाटला की जिन्यातच डोळे पुसत थांबले. मग पोर जागं होऊन रडायला लागलं, म्हणून घरी आले.